विचलित वर्तन ठरवतं कोण?

प्रश्न: एखादं वर्तन विचलित, म्हणजे समाजाच्या नियमांपासून ढळलेलं, आहे हे कोण ठरवतं? आणि तेच पुढे समाजाच्या अंगवळणी कसं पडतं?

उत्तर १: समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांच्या १९६३च्या मांडणीनुसार विचलन कृतीत अंगभूत नसतं, नियम करणारे आणि राबवणारे तो शिक्का मारतात. शिक्का बसला की नोकरी, मैत्री तुटते आणि माणूस तीच ओळख धरून जगू लागतो. समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी याला दुय्यम विचलन म्हटलं. फार क्रूर चक्र आहे हे.

उत्तर २: स्वीकार आपोआप होत नाही. समलैंगिकता विकारांच्या यादीतून अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली काढली, त्यामागे संशोधन होतं आणि कार्यकर्त्यांचा रेटाही. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी १९९० उजाडलं.

उत्तर ३: मात्र प्रत्येक स्वीकार हितकारक नसतो. अमेरिकेच्या स्पेस शटल अंतराळयानांच्या रॉकेटमधल्या रबरी सीलची झीज उड्डाणागणिक 'चालण्याजोगी' ठरत गेली; १९८६मध्ये सील निकामी होऊन चॅलेंजर यान फुटलं आणि सात अंतराळवीरांचा जीव गेला. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी याला विचलनाचं सामान्यीकरण म्हटलं.