गेटवर अडवलं, कानडी कागदावर सही मागतायत. काय करावं?

येळ्ळूरचा फाउंड्री कामगार (जून 2024)
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत 11 वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला होतो. 3 जूनला सकाळी ड्युटीवर गेलो तर वॉचमननं गेटवरच अडवलं. आत सोडू नका म्हणून ऑफिसातनं सांगितलंय म्हणाला. कारण कुणी सांगेना. मे महिन्याचा पगार आणि मार्चपासूनचा ओव्हरटाइम येणे आहे.
दोन दिवसांनी ऑफिसात बोलावून टाइप केलेला कानडी कागद पुढं ठेवला. सही कर, मग पगार घे. मला कानडी बोलता येतं, वाचताना अडखळतो. अक्षरं जुळवत गेलो, ‘राजीनामे’ एवढं लागलं आणि हात थांबला. फोटो काढून पोरीला दाखवला, ती शाळेत कानडी शिकते. तिनं वाचून सांगितलं : स्वखुशीनं काम सोडतोय, काही येणे बाकी नाही.
सही केलेली नाही. पण शाळा सुरू झाल्यात आणि हातात पैसा नाही. नेमणूकपत्र कधी दिलंच नव्हतं. पुरावा काय दाखवू?

जुना टर्नर, मच्छे
दादा, सही केली नाहीस हे फार बरं केलंस. मी 2016 ला केली होती. पुढं लेबर ऑफिसात मालकाच्या माणसानं तोच कागद काढला. सही माझीच, नाही कसं म्हणू? जबरदस्तीनं घेतली हे पटवून देण्यात वर्षं गेली.
आजच्या आज कंपनीला पोस्टानं पोचपावतीसह पत्र टाक : अमुक तारखेपासून गेटवर अडवलंय, मी कामावर यायला तयार आहे. नाहीतर ‘तोच यायचा बंद झाला’ असं लिहून देतात. पाकीट न घेता परत आलं तर फोडू नकोस, तसंच बंद ठेव.
मग लेबर ऑफिसात अर्ज. आत्ताचे, म्हणजे 2024 चे नियम असे : 45 दिवसांत समेट झाला नाही तर औद्योगिक विवाद कायद्याखाली लेबर कोर्टात जाता येतं, मुदत 3 वर्षं. कर्नाटकात 6 महिन्यांच्या आत थेट कोर्टाचीही वाट आहे. पगाराचा अर्ज वेगळा, तो 12 महिन्यांच्या आत. काढलेल्या माणसाचा पगार काढल्यापासून कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत द्यायचा असतो, त्याला सहीची अट नाही.
पुरावा म्हणून पीएफचं पासबुक, ईएसआय (कामगार विमा) कार्ड आणि बँकेत जमा झालेला पगार दाखव.

कडोलीची वहिनी
भाऊ, ग्रॅच्युइटी (नोकरी सुटल्यावर सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) विसरू नका, माझे मिस्टर विसरले होते. महिन्याचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,600 असेल तर भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11 वर्षं : 99,000 रुपये होतात. आणि वकिलाच्या पैशाला घाबरू नका. जिल्हा कानूनी सेवा प्राधिकरणाकडं कारखान्यातल्या कामगाराला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो. आम्ही अर्ज कानडीत लिहून घेतला, पण आधी मराठीत मसुदा केला आणि ओळ न् ओळ ताडून बघूनच सही केली.

येळ्ळूरचा फाउंड्री कामगार
पत्र टाकलं, पावती पोरीच्या कंपासपेटीत ठेवलीय. पण पीएफ 2015 पासूनच भरलाय, पहिली दोन वर्षं नाहीतच. बँकेच्या जुन्या पासबुकात मात्र 2013 चा पगार दिसालाय, शाई पुसट झालीय.

जुना टर्नर, मच्छे
त्या पानाची आजच झेरॉक्स काढ. आणि बँकेत जाऊन त्या दोन वर्षांचं शिक्क्याचं स्टेटमेंट माग.