मदत हवी आहे: परोपकार उत्क्रांतीतून आला असेल तर तो सद्गुण कसा?

मंडळी, एका ठिकाणी अडलोय. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये मांडलेला हिशेब समजतो: नातलगाचा फायदा गुणिले नात्याची जवळीक (म्हणजे दोघांत सामायिक जनुकांचा वाटा), हे स्वतःच्या तोट्यापेक्षा जास्त भरलं की त्यागाची वृत्ती उत्क्रांतीत टिकते. सख्ख्या भावंडासाठी जवळीक अर्धी, चुलत भावंडासाठी एक अष्टमांश. जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्सची १९७१ ची परतफेडीची कल्पनाही पटते: आज मी तुला मदत करतो, उद्या तू मला. रक्तपिपासू वटवाघूळ उपाशी परतलं की वसाहतीतली सोबतीण पोटातलं रक्त ओकून त्याला भरवते; लागोपाठ दोन-तीन रात्री उपास घडला तर ते जगतच नाही.

आता ॲरिस्टॉटल. त्याच्या मते निसर्ग फक्त क्षमता देतो, सद्गुण सवयीने अंगी बाणतो, वाद्य वाजवत वाजवतच वादक होतो तसा. शिवाय कृती समजून-उमजून, तिच्यासाठीच निवडलेली हवी. म्हणजे वटवाघूळ उदार नाही, ठीक. पण ज्याला मुळातच कळवळा जास्त, त्याच्या औदार्याचं श्रेय त्याचं किती? की जनुकांचा 'स्वार्थ' (म्हणजे स्वतःच्या प्रती वाढवत राहणं) आणि माणसाचा हेतू यांची गल्लत मीच करतोय? (तसा दाट संशय आहे.)

यावर सोप्या भाषेतलं काही वाचलं असेल तर सांगा. मराठीत असेल तर दुधात साखर.