तळघरातला पूल पार्लर, कोपऱ्यात कराओके: आधी काय काय तपासून घ्यावं?

अर्धवट_सूर:
शनिवारी संध्याकाळी ऑफिसमधले सातजण जातोय. ठाण्यात स्टेशनजवळचं तळघर आहे. दोन पूल टेबलं, मागे बार, कोपऱ्यात टीव्ही लावून कराओके. जागा कळकट आहे, पण खिशाला परवडते. टेबलाचं भाडं ताशी, गाणी फुकट. तिघांना पूल बऱ्यापैकी येतो, बाकीचे कॅरमच्या पुढे गेलेले नाहीत. टेबल धड आहे की नाही हे भाडं सुरू व्हायच्या आत कसं ओळखायचं? नवख्यांसोबत कुठले नियम लावावेत? आणि तिथला माईक फार शिट्टी मारतो म्हणे. त्यात गिऱ्हाइकाच्या हातात काही असतं का?

खडूवाला:
मार्करने (टेबलं सांभाळणाऱ्या माणसाने) वहीत वेळ लिहायच्या आत पाच मिनिटं मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही.

आधी उतार. व्हाईट (स्टिकने मारायचा पांढरा बॉल) हातात घेऊन लांब कुशनपासून, म्हणजे टेबलाच्या लांब बाजूच्या रबरी कडेपासून, वीतभर अंतरावर, त्याला समांतर असा अगदी हळू सोडा. समोरच्या टोकाला जेमतेम पोचला पाहिजे. जोरात गेलेला बॉल उतार लपवतो, शेवटच्या फूटभरात मरत आलेला बॉल खरं सांगतो. मग त्याच रेषेवर उलट दिशेने सोडा. दोन्ही वेळा खोलीच्या एकाच भिंतीकडे ओढला गेला तर टेबल कललंय. कधी इकडे, कधी तिकडे गेला तर बॉलच झिजलाय किंवा त्यावर चिकट थर बसलाय. ओल्या फडक्याने पुसून परत बघा.

मग कुशन. बॉल जोरात आपटल्यावर खणखणीत परत न येता धप्प असा आवाज आला, तर तिथला कडेच्या चौकटीचा बोल्ट सैल आहे किंवा रबर कडक झालंय. ती जागा लक्षात ठेवा आणि रात्रभर तिथून बँक शॉट (कुशनवर आपटवून बॉल घालणं) घेऊ नका. पावसाळ्यात तळघरातलं कापड ओल धरतं, बॉल जड चालतो. त्याला इलाज नाही, थोडा जोर वाढवायचा.

व्हाईट रंगीत बॉलशेजारी ठेवून डोळा टेबलाच्या पातळीत आणून बघा. पूलचा बॉल सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटरचा. जुन्या पार्लरमध्ये हरवलेल्या व्हाईटच्या जागी कुठलाही भरलेला असतो. जड असेल तर तो खाली फटका मारून मागे खेचायला जाऊ नका, पुढेच पळेल. हलका असेल तर उलट, समोरच्या बॉलवर आपटून नको तितका मागे येईल.

स्टिक टेबलावर लोळवून बघतात ते ठीक, पण टोक जास्त महत्त्वाचं. पूलच्या स्टिकचा टिप, म्हणजे हेच टोक, १२-१३ मिलिमीटरचा असतो. स्टिकच्या स्टँडमध्ये स्नूकरच्या ९-१० मिलिमीटरवाल्या मिसळलेल्या असतात. नवख्याच्या हातात ती दिली की टिप घसरलाच म्हणून समजा. टिप काचेसारखा चकाकत असेल तर चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायचा खडू) धरत नाही. मार्करकडे सँडपेपरचा तुकडा असतो, दोनदा हलकेच फिरवायला सांगा. मग स्टिकचा बुंधा जमिनीवर हळूच आपटा. आतून खुळखुळ ऐकू आली तर सांधा किंवा टिपखालची पांढरी टोपी सैल आहे, दुसरी घ्या. चॉक प्रत्येक शॉटआधी, ब्रश फिरवल्यासारखा लावायचा. भोक पाडल्यासारखा दाबून फिरवला की मधला भाग भरतो आणि कडा कोऱ्या राहतात. टिप घसरतो तो नेमका कडेवरून. हाताला लावायची पावडर मात्र चिमूटभरच. ती कापडावर सांडली की बॉलला लागते.

आठ_नंबर:
सातजणांना एकच टेबल पुरे. दोनास दोन अशी जोडी लावा, शॉट आळीपाळीने. उरलेले तिघे माईकवर. फ्रेम (एक डाव) संपली की अदलाबदल.

खेळ एट-बॉलच: एका बाजूचे सॉलिड (पूर्ण रंगाचे), दुसरीचे स्ट्राईप (पट्ट्याचे), आपले संपवून शेवटी आठ नंबर. रॅकमध्ये, म्हणजे सुरुवातीला लावायच्या बॉलच्या त्रिकोणात, आठ नंबर मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड आणि एक स्ट्राईप. पुढच्या बॉलच्या जागी कापडाला खळगा पडलेला असेल तर बॉल एकमेकांना चिकटून राहत नाहीत आणि ब्रेक (रॅक फोडायचा पहिला फटका) फुसका जातो. मार्करला विचारून अख्खा रॅक बोटभर सरकवून लावा. पॉकेट (बॉल कुठल्या भोकात घालणार ते) आधी सांगायची सक्ती फक्त आठ नंबरला ठेवा, बाकीचे कसेही गेले तरी चालतील. फाऊलला बॉल इन हँड द्या, म्हणजे व्हाईट हवा तिथे ठेवून खेळायचा.

कॅरमवाल्यांचा डोळा तयार असतो, हात नसतो. त्यांना इतकंच सांगा: डावा पंजा टेबलावर पसरून घट्ट टेकवा, अंगठा उचलून तर्जनीला चिकटवा, त्या खाचेत स्टिक. खाच आणि व्हाईटमध्ये वीतभर अंतर. आणि जोर निम्मा करा. स्ट्रायकरसारखा फटका मारला की व्हाईट टेबलाबाहेर.

जुना_मेंबर:
बॉल इन हँड नवख्यांना जड जातं हो. येता-जाता फाऊल होतात, समोरचा चांगला खेळत असेल तर एका दमात टेबल साफ करतो. व्हाईट ब्रेकच्या रेषेमागून ठेवायचा, हाच घरगुती नियम बरा.

आठ_नंबर:
रेषेमागून खेळलं की नवख्याला सोपा शॉट मिळत नाही, फ्रेम पाऊण तास रेंगाळते. भाडं ताशी आहे. जोडीत एक खेळता येणारा आणि एक नवखा ठेवला की तुमची अडचण सुटते.

पट्टी_काळी_एक:
माईकबद्दल. स्पीकरमधून आलेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, तीच शिट्टी. बुटक्या छताच्या, फरशीच्या खोलीत ती लवकर येते. गिऱ्हाइकाच्या हातात बरंच असतं.

जाळी मुठीत धरू नका. असे माईक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी पकडतात. जाळी झाकली की चहूबाजूंनी पकडायला लागतात आणि शिट्टी सुरू. रॅपवाल्यांची ती पकड इथे घातक. स्पीकरच्या पुढे उभं राहू नका, मागे किंवा बाजूला राहा. माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा. लांब धरला की काउंटरवाला आवाज वाढवतो आणि मग कानठळ्या. वरचा सूर लागताना तेवढ्यापुरता वीतभर मागे घ्या. गाणं संपल्यावर माईक बंद करून ठेवा, हात खाली सोडून स्पीकरकडे रोखू नका.

तरी थांबेना तर काउंटरवर आधी इको कमी करायला सांगा, मग ट्रेबल (आवाजातला तीक्ष्णपणा). इको सगळ्यांना आवडतो, पण शिट्टीला खतपाणी तोच घालतो. आपलाच आवाज स्पीकरमधून मागाहून ऐकू येत असेल तर स्पीकर ब्लूटूथवर जोडलेला असणार. वायर लावायला सांगा, त्या उशिरात ताल धरता येत नाही.

पट्टी मुखड्यावरून ठरवू नका, अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ आधी गुणगुणून बघा. पुरुषांचं गाणं बाईने म्हणायचं तर गाण्याची पट्टी चार-पाच घरं वर किंवा खाली न्यावी लागते. प्लस-मायनसचं बटण एकदा दाबलं की एक घर, म्हणजे अर्धा सूर. चार-पाच घरांहून जास्त हलवलं की ट्रॅक चेपल्यासारखा वाजतो. आणि लांबलचक म्युझिक असलेली गाणी टाळा, माईक धरून अर्धा मिनिट नुसतं उभं राहावं लागतं.

अर्धवट_सूर:
उत्तम. ग्रुपमध्ये एकजण २३ वर्षांचा आहे, त्याला बारमध्ये दारू घेतलेली चालेल ना?

खडूवाला:
महाराष्ट्रात बिअर आणि वाईन २१ पासून, हार्ड ड्रिंक २५ पासून. ओळखपत्र घेऊन जा. आणि ग्लास टेबलाच्या कडेवर ठेवू देऊ नका. सांडलंच तर चोळू नका, कोरडं फडकं दाबून टिपा आणि लगेच मार्करला हाक मारा. कापड फाटलं तर भरपाई घेतात, किती ते आधीच विचारून ठेवा.