ठासणीच्या बंदुकीचे साहित्य घरी करताना: शिंगडे, माप, गज आणि डाट

दिंडोरीकर

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडाकडून बार ठासून भरायची, बंदूक होती. ती वारसाहक्काने, सर्व कागदपत्रे पूर्ण होऊन, गेल्या वर्षी माझ्या नावावर झाली. बंदूक एकनळी, टोपीवर (घोडा आदळताच ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपणावर) उडणारी असून नळी आतून गुळगुळीत आहे. पाखरांसाठी आता बागेवर जाळी असते आणि शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे शेतात तिचे काही काम उरलेले नाही. परंतु परवानगी असलेल्या रेंजवर, कागदी लक्ष्यावर, जुन्या रीतीने बार भरून नेम धरण्याची इच्छा मात्र फार दिवसांपासून मनात आहे.

अडचण अशी की बंदुकीसोबतचे साहित्य जवळजवळ नष्ट झाले आहे. चामड्याची पिशवी कुजली, दारू (बंदुकीची पूड) ठेवायच्या शिंगड्याला किड्यांनी भोके पाडली, ती मोजायचे माप हरवले आणि बार ठासायच्या मूळ लाकडी गजाच्या जागी कोणीतरी लोखंडी सळई खोचून ठेवलेली आहे. हे सर्व विकत घेण्यापेक्षा हाताने करावे असे वाटते. सुतारकाम मला बरे जमते. यातील कोणत्या वस्तू घरी कराव्यात, कोणत्या करू नयेत, आणि आपल्या भागात मिळणारे कोणते साहित्य त्यासाठी योग्य ठरेल, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

सातपूरचा लेथवाला

दिंडोरीकर, सर्वप्रथम ती लोखंडी सळई बाजूला ठेवा. काळी दारू ठिणगीची वाट पाहत असते, म्हणून तिच्याशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू पितळ, तांबे, लाकूड, शिंग किंवा चामडे यांचीच असावी. लोखंडावर लोखंड घासण्याची वेळ येऊच नये, हा एक नियम पाळला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

गजासाठी धामणीचे लाकूड मिळाले तर पाहा. ते लवचिक आणि चिवट असल्यामुळे अवजारांच्या दांड्यांसाठी पूर्वीपासून वापरले जाते. ते न मिळाल्यास मानवेलीचा भरीव, जून बांबू चालेल. लाकूड करवतीने कापून घेऊ नका, रेषेच्या दिशेने फोडून घ्या आणि मग रंध्याने गोल करा. करवतीने कापलेल्या काठीत रेषा तिरक्या बाहेर पडतात, आणि गज मोडतो तो नेमका त्या तिरक्या रेषेवरच, भाल्यासारखे टोक करून. माझ्या उजव्या तळव्यावर अशाच एका सागवानी गजाची खूण आहे. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी गज वरच्या टोकाला धरून एका दमात दाबला होता. गज नेहमी नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि टप्प्याटप्प्याने खाली न्यावा. टोकाला पितळी टोपण बसवून त्यातून आरपार पितळी खिळा घाला. केवळ चिकटवलेले टोपण नळीत अडकून राहते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गजावर दोन खुणा कोरायच्या असतात. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवून नळीच्या तोंडाशी पहिली खूण, आणि योग्य बार भरल्यावर दुसरी. पहिली खूण कोरण्यापूर्वी नळीच्या तोंडापासून निपलपर्यंतचे (टोपी बसवायच्या, नळीच्या बुडाशी असलेल्या सच्छिद्र बोंडापर्यंतचे) अंतर बाहेरून मोजा आणि गज आत जितका जातो त्याच्याशी ताडून पाहा. या दोन खुणांमुळे बंदूक भरलेली आहे की रिकामी, एकावर एक दोन बार तर भरले गेले नाहीत ना, आणि डाट (दारूवर ठासायची चकती किंवा बोळा) दारूवर नीट बसला आहे की मध्येच हवेची पोकळी राहिली आहे, हे क्षणात कळते. पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. इतर साहित्य एखादे वेळी नसले तरी चालेल, पण खुणा नसलेला गज मी हातात घेणार नाही.

मापासाठी भांडी बाजारात मोडीतली जाड पितळी नळी शोधा. तळ बंद करून वरची कड सपाट केली की झाले. माप हे आकारमानाचे असते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत बसू नका. तुमच्या नळीला किती बार सोसतो हे परवानाधारक बंदूक-कारागिराने नळी तपासून सांगितल्यावरच मापाची खोली ठरवा. आणि हे माप केवळ काळ्या दारूचे आहे. धूरविरहित दारू अशा नळीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही, तिचा दाब या नळीच्या कुवतीबाहेरचा असतो.

पंचवटीकर

शिंगड्याविषयी मी सविस्तर लिहितो, कारण या एका वस्तूवर माझे दोन पावसाळे खर्च झाले आहेत.

प्रथम सावधगिरी. घराच्या माळ्यावर सांबराचे किंवा काळविटाचे शिंग पडलेले असेल आणि त्याची मूठ किंवा माप करावे असा मोह झाला, तर तो आवरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अशा वस्तू जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो, आणि सांबराने स्वतःहून टाकलेले शिंगही त्यातून सुटत नाही. आपल्याला म्हशीचे शिंग पुरते. ते काळे असल्यामुळे आतील दारूची पातळी बाहेरून दिसत नाही आणि बुडाशी ते चपटे, जवळपास तिकोनी असते, एवढे दोन दोष मान्य करून चालावे लागते.

शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. शिंग पाण्यात काही आठवडे भिजत ठेवल्यास किंवा तासभर उकळल्यास तो सैल होऊन निघतो. हे काम घराबाहेर, शक्य तर शेतावर करा. आमच्याकडे तो वास गेल्यावरही त्याची चर्चा बरेच दिवस चालली. गाभा निघाल्यावर बारीक तार आत घालून पोकळी कुठपर्यंत आहे ते मोजा, तेवढे अंतर बाहेरून आखा आणि टोकाकडचा भरीव भाग कापून पोकळीला मिळेल असे बारीक छिद्र पाडा. छिद्र बाजूने बाहेर निघाले तर शिंग वाया गेले. माझे पहिले असेच गेले.

बूड बंद करणारा लाकडी गुडदा शिसवीचा किंवा बाभळीचा करा. शिंगाचे बूड उकळत्या पाण्यात धरले की ते मऊ होते. तेवढ्यात त्यात निमुळता लाकडी ठोकळा दाबून बसवावा आणि थंड होऊ द्यावे, म्हणजे चपटेपणा बराचसा जाऊन गोलाई येते. नंतर कायमचा गुडदा मेण लावून बसवायचा आणि लाकडी किंवा पितळी खुंट्यांनी पक्का करायचा, लोखंडी चुका मारायच्या नाहीत. टोकाच्या बुचासाठी तंबोऱ्याची खुंटी डोळ्यांसमोर ठेवा: तशीच निमुळती, पिळून घट्ट होणारी. सर्व झाल्यावर टोकाने हवा ओढून पाहा. जीभ चिकटून राहिली तर शिंगडे हवाबंद झाले असे समजा. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात ही परीक्षा फार महत्त्वाची ठरते. किड्यांपासून बचावासाठी बाहेरून अधूनमधून मेणाचा हात फिरवत राहावे.

कायद्याची सीमारेषाही स्पष्ट असलेली बरी. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये बंदुकीचे सुटे भाग हे बंदुकीच्याच व्याख्येत धरले आहेत आणि ते तयार करण्यास वा दुरुस्त करण्यास वेगळा परवाना लागतो. म्हणून शिंगडे, माप, पिशवी हे तुमचे काम. नळी, घोडा, चाप आणि निपल हे परवानाधारक कारागिराचे. दारू आणि टोप्या परवान्यावर नोंद करून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. घरी टोप्या करण्याचे काही अघोरी प्रकार कानावर येतात, त्या वाटेला जाऊ नका.

परदेशस्थ नाशिककर

पंचवटीकरांच्या शिंगड्याविषयी पूर्ण आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. रेंजवर शिंगड्याची गरज नसते. किंबहुना ते गोळीबाराच्या रेषेवर नसलेलेच बरे. मी अमेरिकेत असताना इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी ठासणीच्या बंदुकांचे सामने पाहिले. तेथील राष्ट्रीय संघटना 1933 पासून हा खेळ चालवते. शिंगड्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, हा तेथे अगदी प्राथमिक नियम आहे. कारण सरळ आहे: मागच्या बाराची एखादी धुमसती चिंधी किंवा ठिणगी नळीत राहिली असेल, तर मापातली दारू भडकून हात भाजेल, पण शिंगडे जोडलेले असेल तर पावशेर दारू हातातच फुटेल.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत याहून पुढे जाऊन, एकेका बाराची मोजलेली दारू वेगवेगळ्या बंद नळ्यांत आणावी लागते. साधारणपणे 30 मिनिटांत 13 बार काढायचे आणि त्यांतील उत्तम 10 धरायचे, अशी पद्धत असते. तेव्हा दिंडोरीकरांनी लाकडी ठोकळ्यात 13 भोके पाडून त्यांत झाकणाच्या छोट्या नळ्या बसवाव्यात. हे सुतारकाम एका दुपारचे आहे. यात एक फायदा असाही की एखादी नळी उरली किंवा कमी पडली, तर भरण्यात चूक झाल्याचे तेथल्या तेथे लक्षात येते. याच सामन्यांत तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकीचाही स्वतंत्र गट आहे आणि त्याला तानेगाशिमा हे जपानी बेटाचे नाव आहे. 1543 मध्ये पोर्तुगिजांकरवी त्या बेटावर बंदूक पोहोचली होती. आपल्याकडे तोड्याच्या बंदुकांची एवढी मोठी परंपरा असताना त्या केवळ संग्रहालयांत टांगलेल्या दिसाव्यात, याची खंत वाटते, असो.

तुमची नळी गुळगुळीत आहे, त्यामुळे दारूवर पुठ्ठ्याचा आणि त्यावर नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) डाट घाला. नळीच्या व्यासाची पोलादी नळी कडेला धारदार करून घेतली की चकत्या पाडण्याचा पंच तयार होतो. नारळाचा काथ्या किंवा कागदाचे बोळे ठासण्याची जुनी सवय मात्र टाळा, कारण काथ्या धुमसत बाहेर पडतो आणि चैत्रातल्या वाळक्या गवताला आग लावायला तेवढे पुरते. गोळी वापरणार असाल तर तिच्याभोवतीची चिंधी मांजरपाटाची घ्या आणि खळ जाईपर्यंत धुऊन काढा. कापड शुद्ध सुती आहे का, हे एक धागा जाळून पाहिल्यास कळते: सुताची राख होते, कृत्रिम धाग्याचा मणी होतो. मणी होणारे कापड नळीत वितळून चिकटते.

वंगणासाठी मधमाश्यांचे मेण आणि एरंडेल एकत्र पातळ करून वापरावे. खनिज तेलाने काळ्या दारूची काजळी डांबरासारखी घट्ट होते. खोबरेल सोपे वाटते, पण नाशिकच्या थंडीत ते गोठते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे वाहते. काडतुसाच्या वंगणावरून या देशात केवढे रण पेटले ते सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी 1857 मध्ये सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली खरी, पण तोवर वेळ निघून गेली होती.

सातपूरचा लेथवाला

साफसफाईचे राहिले. काळ्या दारूची काजळी क्षारयुक्त असते आणि हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी नळी धुतलीच पाहिजे. त्यासाठी साबणाचे गरम पाणी सर्वोत्तम. रंगपंचमीची जुनी पितळी पिचकारी या कामाला इतकी चपखल बसते की मी आता ती रंगाला देत नाही. नंतर गजाच्या टोकाला अंबाडीचा झुबका गुंडाळून नळी कोरडी करावी आणि तेलाचा हात द्यावा. निपलचे छिद्र मोकळे करायला पितळी तारच वापरा, पोलादी सुईने छिद्र हळूहळू मोठे होत जाते.

दिंडोरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धामणीचा गज तयार झाला आणि आज सकाळी खूण कोरायला बसलो. लेथवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे बाहेरून मोजले, आतून मोजले, पुन्हा मोजले. गज तळाच्या चार बोटे वरच थांबतो, आणि टेकतो तेव्हा आवाज धातूवर टेकल्यासारखा न येता बोथट येतो. हा गंज आहे की घाण? गज जरा ठोकून पाहू का?

सातपूरचा लेथवाला

ठोकू नका. बंदूक भरलेली आहे असे समजा. चार बोटे म्हणजे बहुधा जुना बार आहे, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटू शकते. नळीचे तोंड कोणाकडेही होणार नाही अशा रीतीने बंदूक कुलपात ठेवा, निपलवर टोपी ठेवू नका, उष्णता देऊ नका, स्वतः काही ओढून काढण्याचा प्रयत्न करू नका आणि अशा स्थितीत ती गाडीत घालून शहरातही आणू नका. परवानाधारक कारागिराला फोन करून घरीच बोलवा.

दिंडोरीकर

कारागीर काल येऊन गेले. त्यांनी निपलच्या आणि तोंडाच्या अशा दोन्ही बाजूंनी पाणी सोडून बंदूक रात्रभर तशीच ठेवायला सांगितली. आज ते पुन्हा आले आणि गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून त्यांनी बार ओढून काढला. वर नारळाच्या काथ्याचा डाट, त्याखाली मूठभर छर्रे, पुन्हा काथ्या आणि तळाशी काळा चिखल, असे सर्व निघाले. वडिलांच्या आठवणीप्रमाणे आजोबांनी ती बंदूक शेवटची हातात घेतली त्याला तीस वर्षे तरी झाली असावीत. एवढ्या वर्षांत ती घरातल्या खुंटीवर टांगलेली होती आणि आम्ही मुले तिच्याखाली खेळत होतो.

नळी धुऊन, कोरडी करून तेल लावले आहे. गज आता तळाला खणखणीत टेकतो. पहिली खूण कोरली. दुसरी कारागिराने बार ठरवून दिल्यावर रेंजवरच कोरेन. म्हशीचे शिंग भिजत घातले आहे, शेतावर.