मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम असलेला विद्यार्थी, 'ग'च्या पुढे गाडी सरकत नाही

तारसप्तक_नागपूर
नमस्कार मंडळी. प्रतापनगरला माझा छोटा क्लास आहे. एका विद्यार्थ्याला डाऊन सिंड्रोम आहे. सरगम म्हणतो बरी, पण वाजवायला बसला की 'ग'वर अडतो. मी परत परत सांगतो, तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. वार्षिक कार्यक्रमात त्याला बसवायचंच आहे, आईला तसा शब्द दिलाय. नेमकं काय करू ते सांगा. संयम ठेवा म्हणू नका, तो आहे.

महालचा_तबलजी
भाऊ, तबला द्या त्याला. या मुलांना ताल उपजत असतो. दादरा घ्या, धा धी ना, धा ती ना. हात पटकन बसतो.

लेकीची_आई
वाद्य कोणतं? वय किती? कान तपासलेत का? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.
तबलजी, उपजत ताल असं सरसकट म्हणू नका. माझ्या लेकीला गाणं जिवापाड आवडतं, पण ठेका धरायला तिला फार वेळ लागला.

तारसप्तक_नागपूर
पेटी. वय 11. ऐकू येतं, हाक मारली की बघतो.

लेकीची_आई
हाक ऐकू येणं वेगळं. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकणं कमीजास्त होत राहतं. ईएनटीकडे ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते) दोन्ही तपासण्या करायला सांगा त्याच्या आईला.
दुसरं, बोलणं कमी करा. कानाने ऐकलेलं धरून ठेवणं यांना जड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं टिकतं. 'आता मधलं बोट उचल आणि मवर ने' हे वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. समोर बसू नका, समोरून तुमचा हात उलटा दिसतो. शेजारी बसून वाजवून दाखवा आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा. तो बघत राहतो तेव्हा त्याचं उत्तर चाललेलं असतं. तुम्ही परत सांगितलं की बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पहाटेचा_राग
रोज सकाळी भैरव ऐकवा. यानं मुलं पूर्ण बरी होतात.

लेकीची_आई
बरं व्हायला हा आजार नाही. 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत आहे ही, 1959 पासून जगाला माहीत आहे. ऐकवा जरूर, आनंदासाठी. आईबापांना असली आशा दाखवू नका, फार त्रास होतो त्याचा.

ताशा_कडकडाट
आमच्या ढोलपथकात पाठवून द्या ना! पोरं एकदम खुलतात.

लेकीची_आई
कमरेला ढोल, कानाशी ताशा? यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, बऱ्याच जणांना जन्मापासून हृदयाचा दोष असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कागदपत्रे_मदत
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं का? त्यानंतर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अवश्य करा.

तारसप्तक_नागपूर
आईला कळवतो. पण माझा प्रश्न पेटीचा आहे हो.

भाता_आणि_सूर
सा कुठून धरता? भाता कोण मारतं?

तारसप्तक_नागपूर
काळी दोन, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा. क्लासमध्ये सगळे त्याच पट्टीत गातात. भाता अर्थात तोच मारतो.

भाता_आणि_सूर
मग इथेच अडून राहिलं भाऊ. काळी दोनला सा काळी, रे आणि ग पांढऱ्या, आणि म परत काळी. गपर्यंत सपाट रस्ता, तिथून बारीक, उंच पट्टीवर चढायचं. बोटं आखूड, सांधे सैल, टोकाचं पेर दाबलं की मागे वाकते. त्यात डावा हात भात्यावर. पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा धरा, सातही शुद्ध स्वर पांढऱ्यावर येतात.

तारसप्तक_नागपूर
बाकीची मुलं काळी दोनमध्ये गाणार, त्याचं काय?

भाता_आणि_सूर
स्केल चेंजर पेटी घ्या. बोटं पांढरी एकवर, आवाज काळी दोनचा. नाहीतर कीबोर्ड घेऊन ट्रान्सपोज (सगळे स्वर वर सरकवायची सोय) अधिक तीन करा, भात्याचाही प्रश्न मिटतो. पेटीच हवी तर सध्या भाता तुम्ही मारा. आणि अंगठा खालून नेण्याचा आग्रह सोडा, तर्जनी आणि मधलं बोट पुरे.

महालचा_तबलजी
दोन बोटांनी? पुढे द्रुत, जलद लयीत कसं वाजवेल तो?

भाता_आणि_सूर
द्रुतचं पुढे पाहू. आज त्याला सभेत बसून वाजवायचं आहे, तो त्याचा हक्क आहे.

लेकीची_आई
अगदी! पट्ट्यांवर रंगीत टिकल्या लावा आणि कागदावर त्याच रंगांचे गोल काढा. फिनलंडमध्ये फिगरनोट्स म्हणून पद्धत आहे, तिच्यात रंगावरून स्वर आणि आकारावरून सप्तक ओळखतात. एक सप्तक असेल तर नुसते रंग पुरतात. पलटे, म्हणजे सरगमचे सराव, बाजूला ठेवून थेट गाण्याची ओळ घ्या.

तारसप्तक_नागपूर
क्लासमध्ये स्केल चेंजर आहे. आज पांढरी एकवर बसवलं, भाता मी धरला, तोंडातून शब्द काढला नाही. मवर बोट ठेवून थांबला, माझ्याकडे पाहिलं, परत दाबलं. परवा सर्दी होती म्हणे त्याला, आई कान तपासायला नेणार आहे. सातही टिकल्या एकदम लावू की आधी चारच?

लेकीची_आई
चारच. सा रे ग म. गाणंही तेवढ्यातच बसणारं निवडा, आणि कानाचा रिपोर्ट आला की इथे लिहा.