प्रति: बॅकगॅमनमध्ये सोंगटी उघडी टाकावी का?
"एकटी सोंगटी उघडी टाकायचीच नाही" हा वरचा सल्ला मला पटला नाही. मी आधी समोरच्याचा होम बोर्ड बघतो, म्हणजे मार खाल्लेली सोंगटी जिथून परत आत येते ती त्याची सहा घरं. त्यात दोनच घरं बंद (त्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्यांनी अडवलेली) असतील, तर मार खाल्ला तरी 36 पैकी 32 दानांत परत शिरता येतं. पाच बंद असतील तर फक्त 11. मग गुमान जपून खेळावं.

पहिलंच दान दोन आणि एक असं पडलं की मी माझ्या सहाव्या घरातली एक सोंगटी पाचव्यात सरकवतो. 15 दानांत मार बसतो, हो. पण वाचली तर तिच्या जोडीला दुसरी आणून पाचवं घर बहुतेक पुढच्याच दानाला पक्कं. (काल कर्जत लोकलमध्ये मोबाईलवर सलग तीनदा मार खाल्ला, तरीही!) आणि समोरच्याच्या होम बोर्डात तुमच्या दोन सोंगट्या एका घरात पाय रोवून असतील, तर परत शिरायला ते एक घर हमखास असतं, म्हणून आणखी बिनधास्त खेळा.