मदत हवी आहे: घड्याळाची तारीख भरदुपारी बदलते!

नाशिककर८४: मामांचं घड्याळ माझ्याकडे आलंय. भारीतलं आहे, स्विस. रोज दुपारी बाराच्या सुमारास तारीख पुढे सरकते. सेकंदकाटा तर बारावर ठोकल्यासारखा उभा. परवा लग्नाला घालून जायचंय. आमचा घड्याळवाला हात लावायला तयार नाही. माहीत असेल त्यानेच सांगा, टाइमपास नको.

टिकटिकराव: 'भारीतलं' नावाचं मॉडेल अजून निघालेलं नाही. कंपनी कुठली?

अण्णा_डोंबिवली: माझं एचएमटी जनता लग्नात मिळालेलं. सकाळी चहाआधी चावी दिली की दिवसभर बघायला नको. तारीखच नाही, त्यामुळे चुकतही नाही.

नाशिककर८४: अण्णा, प्लीज. पाटेक फिलिप लिहिलंय, कागदावर ५९६०पी. वर वार, तारीख, महिन्याच्या तीन खिडक्या, खाली एक मोठी चकती, उजवीकडे दोन बटणं. अजून काय हवंय?

टिकटिकराव: अहो, हे आधी सांगायचं ना! पी म्हणजे प्लॅटिनम. २००६ मध्ये आलेलं अ‍ॅन्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफ, म्हणजे वार-तारीख-महिना दाखवणारं आणि स्टॉपवॉच असलेलं. तुमचा 'सेकंदकाटा' स्टॉपवॉचचा आहे, वेगळा सेकंदकाटा याला नाहीच. वरचं बटण दाबा, पळेल. मधे लॉकरमध्ये बंद पडून होतं का?

नाशिककर८४: हो, चार महिने. पळाला!! तारखेचं सांगा.

घाटावरचा: वाइंडर घ्या, म्हणजे घड्याळ आपोआप फिरवणारी पेटी. घड्याळ फिरत राहतं, बंदच पडत नाही. मी दोन घेतलेत.

टिकटिकराव: आणि त्यात झीज फुकट. बंद ठेवल्याने काही बिघडत नाही.

घाटावरचा: कॅलेंडर दर वेळी लावत बसायचं? ज्याच्याकडे आहे त्यालाच कळतं.

मेलबर्नची_मंजू: मामा परदेशात होते का? आणताना विमानतळावर जाहीर केलं होतं का?

नाशिककर८४: मी विचारलंय का हे?

रेवा_प: नाशिककर, तुम्ही काटे लावताना घड्याळाच्या हिशोबाने रात्र होती, तुमच्याकडे दिवस. म्हणून त्याची मध्यरात्र तुमच्या दुपारी येते. खालच्या चकतीत दिवस-रात्रीची बारीक खिडकी आहे, ती बघा. चावी ओढून काटे पुढे फिरवा. तारीख पलटली की ती मध्यरात्र. तसेच सकाळच्या सहापर्यंत न्या आणि मगच वार-तारीख दुरुस्त करा. रात्री तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा दाबलं तर मोडू शकतं.

नाशिककर८४: १ मार्चला २९ दाखवत होतं तेव्हा मी कडेच्या एका खळग्यात सेफ्टी पिन घालून दाबलं होतं. ओरखडा आलाय.

टिकटिकराव: अरे देवा. रात्री?

नाशिककर८४: जेवण झाल्यावर.

रेवा_प: डब्यात पेनासारखी एक काडी असते, ती शोधा. नसेल तर लाकडी टूथपिक. २९ दाखवलं तो बिघाड नव्हता. ३० आणि ३१ चे महिने त्याला कळतात, फेब्रुवारी कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा हात लावावाच लागतो. यालाच अ‍ॅन्युअल कॅलेंडर म्हणतात, पाटेकनेच १९९६ मध्ये ही सोय पहिल्यांदा आणली.

घाटावरचा: आणि स्टॉपवॉच सतत चालू ठेवू नका, झिजतं.

टिकटिकराव: यात उभा क्लच आहे, म्हणजे स्टॉपवॉच जोडणाऱ्या चकत्या एकमेकींवर बसतात, त्यामुळे चालू ठेवलं तरी फारशी झीज नाही. सेकंदकाटा म्हणून लोक दिवसभर चालू ठेवतात.

घाटावरचा: लोक काय, काहीही करतात.

अण्णा_डोंबिवली: चावी दिली का?

नाशिककर८४: काल डोळे ताणून जागलो. बारा वाजले आणि तारीख खिडकीतून खाली सरकली! रेवाताई, आभार. फक्त वार एक दिवस पुढे दाखवतोय.

रेवा_प: कुठला खळगा दाबलात?